अंगठ्याचं नख पुन्हा पुन्हा रुततंय? मग कोपरा कोरणं आधी थांबवा

बूट घातला की पायाच्या अंगठ्याच्या कडेला ठणका लागतो. रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. मग एके दिवशी दिव्याखाली बसून, पाय मांडीवर घेऊन, नेलकटरचं टोक कडेने आत घालायचं आणि तो मेला कोपरा कोरून काढायचा. डोळ्यांसमोर काजवे चमकतात, थोडं रक्त येतं, आणि मग जो आराम पडतो त्याला तोड नाही. दुसऱ्या दिवशी माणूस बूट घालून नीट चालू लागतो. तीन आठवडे जातात, आणि ये रे माझ्या मागल्या.

माझ्या उजव्या अंगठ्याने हे तीन वर्षं केलं. तेवढ्या काळात मी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला, एकदा अख्खं नख काढून घेतलं (ते वर्षभरात उगवून आलं आणि त्याच बाजूला पुन्हा रुतलं), आणि घरी कोपरा किती वेळा कोरला याची गणतीच नाही. शेवटी पोडिएट्रिस्टकडे गेले. पोडिएट्रिस्ट म्हणजे पावलं, घोटे आणि पायाची नखं एवढंच बघणारा तज्ज्ञ. काही देशांत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. जिथे तो नाही तिथे हेच काम सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ करतात. त्या बाईंनी मला पहिला प्रश्न दुखण्याबद्दल विचारलाच नाही. म्हणाल्या, "नख कसं कापता ते जरा दाखवा बघू." मी हवेतच नेलकटर फिरवून दाखवला, कडेला आल्यावर सवयीने मनगट वळवलं, आणि त्या म्हणाल्या, "हं, सापडलं."

ज्यांचं नख एकदा बरं होऊन परत परत रुततं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तीन आठवड्यांचं गणित

पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. हाताचं नख त्याच्या दुपटीने. अंगठ्याचं अख्खं नख बुडापासून टोकापर्यंत नवं व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. हे आकडे मला कोणी आधी सांगितले असते तर माझी निदान दोन वर्षं वाचली असती.

कोपरा तिरका कोरला की नखाची कड चार-पाच मिलिमीटर मागे जाते आणि पुढे थोडी मोकळी जागा होते. ती मोकळी राहत नाही. पाऊल टाकलं की जमिनीचा दाब खालून येतो, शेजारचं मऊ मांस वर सरकतं आणि त्या जागेत ठाण मांडून बसतं. आता नख पुढे वाढायला लागलं की त्याच्या वाटेत मांस असतं. त्यातच दुसरी गोष्ट: नेलकटर कडेच्या पार आतपर्यंत पोहोचत नाही. तो जिथे थांबतो तिथे नखाचा एक बारीक टोकदार अवशेष मागे राहतो, आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही. तीन आठवड्यांत नख मिलिमीटरभर पुढे सरकतं. बस्स, तेवढं पुरतं. ते टोक मांसात घुसतं आणि ठसठस सुरू होते.

चार मिलिमीटर मागे गेलेला कोपरा पुन्हा कातडीच्या बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात. आपण त्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ कधी देतच नाही. प्रत्येक वेळी कोरून घड्याळ शून्यावर आणून ठेवतो.

ते टोक मी प्रत्यक्ष पाहिलं. बाईंनी अंगठा बधिर करून चिमट्याने कडेतून काहीतरी ओढून काढलं आणि पांढऱ्या गॉजवर ठेवलं. सहा-सात मिलिमीटर लांब, पिवळट, ओलं, एका टोकाला थोडं रुंद आणि दुसऱ्या टोकाला अगदी निमुळतं. गवतातून चालताना कपड्यांत कुसळ अडकतं ना, हुबेहूब तसं. बोटाने टोक चाचपलं तर टोचलं. एवढीशी ती वस्तू माझ्या अंगठ्यात महिनोन् महिने रुतून बसली होती आणि मी वरून मलमं चोपडत होते.

अँटिबायोटिक घेऊन का फरक पडला नाही, तेही तेव्हा उमगलं. पायात काटा मोडला असेल तर तो काढल्याशिवाय गोळ्या खाऊन काय होणार? दोन-चार दिवस सूज उतरते, पू कमी होतो, पण काटा जागच्या जागीच असतो. रुतलेलं नख म्हणजे शरीरानेच स्वतःला टोचलेला काटा. संसर्ग पसरत असेल तर अँटिबायोटिक हवंच, मात्र नुसत्या त्याच्या जोरावर रुतलेलं नख सुटत नाही. दुखणं हल्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो.

जाता जाता एक गैरसमजही निकालात काढते. नखाच्या मधोमध पुढच्या कडेला व्ही आकाराची खाच पाडली की नख ती भरून काढायला आतल्या बाजूला ओढलं जातं आणि कडा सुटतात, असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. नख वाढतं ते बुडाशी, कातडीखाली असलेल्या मुळातून. पुढे आलेला भाग निर्जीव असतो. त्याला खाच पाडली काय आणि नाही पाडली काय, मुळाला पत्ताही लागत नाही.

घरी हात लावायचा की नाही, हे आधी ठरवा

मधुमेह असेल, पावलांना बधिरपणा किंवा सतत मुंग्या असतील, थोडं चाललं की पोटरी दुखून थांबावं लागत असेल, बोटं गार किंवा निळसर पडत असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार सुरू असतील, तर पुढचा घरगुती भाग तुमच्यासाठी नाही. सरळ डॉक्टरकडे किंवा पोडिएट्रिस्टकडे जा. मी हे घाबरवायला लिहीत नाही. मधुमेहात दोन गोष्टी एकदम बिघडू शकतात: नसांना वेदना कळत नाही आणि रक्त नीट पोहोचत नाही. वेदनाच कळत नसली की रक्त पोहोचत नसल्याचीही कल्पना येत नाही. नखाशेजारची साधी जखम चिघळते, दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहते, आणि कळते तेव्हा आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर त्यांची पावलं रोज एकदा उलटसुलट करून बघा. त्यांना वाकून तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा.

बाकीच्यांनीही काही खुणा दिसल्या तर घरी बसू नये. लाली अंगठ्यापुरती न राहता पावलावर चढतेय, पायावर लाल रेघ वर सरकताना दिसतेय, ताप आलाय, पू थांबत नाही: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

घरचा उपाय, तीन महिने टिकवायचा

दुखणं नुसतं सुरू झालंय, कड लाल आणि थोडी सुजलेली आहे, पू नाही, अशा वेळी घरी खरोखर काम होतं. मात्र हा उपाय दोन दिवसांचा नाही.

रोज रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. पाण्यात मीठ घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी काही बिघडत नाही. काम पाण्याचं आहे, ते नख आणि कातडी मऊ करतं. पाय टिपून कोरडा करा, विशेषतः बोटांच्या बेचक्या. मग कापसाचा अगदी बारीक, दोऱ्याएवढा पीळ करा. शेजारचं मांस बोटाने हळूच खाली आणि बाहेर दाबा, आणि तो पीळ नखाच्या कोपऱ्याखाली सरकवा. खुपसायचा नाही. पहिल्या दिवशी जेमतेम एखादा मिलिमीटर गेला तरी पुष्कळ. रोज आंघोळीनंतर जुना काढून नवा घाला, कारण ओला कापूस तिथेच राहिला तर तोच संसर्गाचं घर होतो. कापूस जमत नसेल तर दातांत घालायच्या फ्लॉसचा छोटा तुकडा चालतो.

याच्या जोडीला चिकटपट्टी. जखमेवर लावायची मऊ कापडी पट्टी घ्या, सेंटीमीटरभर रुंद. तिचं एक टोक दुखऱ्या कडेच्या कातडीवर, नखाच्या अगदी लगत चिकटवा, नखावर नाही. मग पट्टी ताणत तिरकी खाली, अंगठ्याच्या पोटावरून पलीकडे न्या, म्हणजे कातडी नखापासून दूर ओढली जाईल. अंगठ्याभोवती गोल आवळायची नाही, रक्त अडतं. पट्टी नीट लागली की दुखणं तिथल्या तिथे थोडं कमी झाल्यासारखं वाटतं. नाही वाटलं तर ओढ चुकीच्या दिशेला आहे, काढून पुन्हा लावा. मला हे जमायला चार-पाच दिवस लागले.

दोन-तीन आठवड्यांत दुखणं थांबतं. आणि नेमका हाच धोक्याचा काळ, कारण आराम पडला की आपण कापूस सोडतो आणि पुढच्या रविवारी सवयीने कोपरा गोल करतो. कोपरा कातडीच्या पुढे स्वच्छ दिसेपर्यंत कापूस सोडायचा नाही. मी दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढत होते. दिवसागणिक काहीच हलल्यासारखं वाटत नाही, पण चौथ्या आठवड्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला की फरक दिसतो आणि धीर टिकतो.

कापायचं कसं

सरळ. आडवं. बोटाच्या टोकाबरोबर, त्याहून आखूड नाही. कोपरे कातडीच्या वर, डोळ्यांना दिसतील असे राहिले पाहिजेत. टोचरे वाटले तर कानशीने एका दिशेला दोन-तीनदा घासून बोथट करा, तेवढंच. वक्र पात्याचा छोटा नेलकटर हाताच्या नखांसाठी ठीक. पायाच्या अंगठ्यासाठी सरळ आणि रुंद पात्याचा घ्या. एका फटक्यात अख्खं नख कापायला जाऊ नका, ते तडकतं आणि कडेला चिरफळी जाते. तीन-चार छोटे काप द्या. आणि हाताने नख तोडू नका! किशोरवयीन मुलांत नख रुतण्याचं हे एक मोठं कारण आहे: पायांना घाम, घामाने मऊ झालेलं नख, आणि बसल्या बसल्या ते बोटांनी फाडायची सवय. फाटलेलं नख कडेला कसं फाटलं हे आपल्याला दिसतच नाही.

बूट तपासा, डोळ्यांनी नाही, कागदाने

संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून झाल्यावर, कोऱ्या कागदावर उभे राहा. बसून नाही, अंगावर भार आला की पाऊल पसरतं. कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. आता रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवा. बूट रेघेच्या आत मावला, तर तुमचं पाऊल रोज किती आवळलं जातंय ते समोरच दिसेल.

मी हे केलं तेव्हा माझा आवडता काळा बूट दोन्ही बाजूंनी रेघेच्या आत होता, अंगठ्याच्या बाजूला तर जवळजवळ सेंटीमीटरभर. लांबी बरोबर होती, म्हणून तो मला कधी घट्ट वाटलाच नव्हता. पुढचं तोंड निमुळतं होतं, आणि तो दाब बरोबर नखाच्या बाहेरच्या कडेवर पडत होता. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांत साधारण सेंटीमीटरभर अंतर हवं, आणि बोटं आत हलवता आली पाहिजेत. खूप सैल बूटही वाईट, कारण उतारावर पाऊल पुढे घसरून नख टोकावर आपटत राहतं. धावणाऱ्यांची आणि फुटबॉल खेळणाऱ्यांची नखं काळीनिळी होतात ती अशीच. घट्ट मोजेही विसरू नका. बूट बदलला आणि मोजे तेच ठेवले तर अर्धाच इलाज होतो.

सगळं करूनही परत येतंय

इथे घरी अंदाज बांधणं थांबवा. कारण आता प्रश्न बहुधा नखाच्या आकाराचा किंवा दुसऱ्याच कशाचा असतो.

काहींचं नख जन्मतःच रुंद किंवा कडेला आत वळलेलं असतं; घरात आणखी कोणाला हाच त्रास आहे का ते विचारा. वय वाढलं की काही नखं दोन्ही कडांनी नळीसारखी गोल वळतात आणि मधलं मांस चिमटीत पकडतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी चालू असेल तर तिनेही नखाच्या कडा सुजतात आणि मांस वाढतं. कर्करोगावरच्या काही औषधांनीही असंच होतं. तेव्हा डॉक्टरला औषधांची यादी दाखवाच, "पायाचा आणि त्या गोळीचा काय संबंध" असं म्हणून गप्प बसू नका.

नखाच्या कडेला लालभडक, ओला, हात लागताच रक्त येणारा मांसाचा गोळा दिसत असेल, तर बहुतेक वेळा ते सततच्या टोचणीने वाढलेलं मांस असतं आणि टोचणारी कड काढली की आपोआप आटतं. पण खाली नखाची कड रुतलेलीच नसेल, किंवा कड काढूनही गोळा जात नसेल, तर त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. तरुणांत नखाखाली हाडाची छोटी गाठ वाढून नख वर उचललं जातं, तीही रुतलेल्या नखासारखीच दुखते. साध्या एक्स-रेत दिसते.

आणि एक गोष्ट कधीही टाळू नका. नखाखाली नवा काळा किंवा तपकिरी उभा पट्टा आला, रुंद होत गेला, किंवा तो रंग नखाच्या बुडाच्या कातडीवर उतरला, तर लगेच दाखवा. मार लागल्याचं काळं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं आणि त्याच्यामागे स्वच्छ नख दिसू लागतं. जे काळं पुढे सरकतच नाही, त्याकडे संशयानेच बघायचं. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९७७ मध्ये तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. असा आजार फार कमी लोकांना होतो. तरीही नख बघताना ही एक नजर टाकायला दोन सेकंद पुरतात.

पोडिएट्रिस्टकडे नेमकं काय होतं

मला वाटलं होतं, अंगठा बघतील आणि कापतील. त्यांनी आधी मला अनवाणी चालायला लावलं. मग माझे जुने बूट उलटे करून तळ कुठे झिजलाय ते पाहिलं (जाताना रोजचे, झिजलेले बूट घेऊन जा, नवे कोरे घालून जाऊ नका). पावलाच्या वरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी चाचपली. डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवला आणि "कळतंय का, कुठे?" असं विचारत गेल्या. तो तंतू बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढा दाब कळत नसेल तर पावलाचं संरक्षक संवेदन गेलंय असं समजतात. हे सगळं कापण्यापूर्वी, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या बोटावर केलेली जखम भरत नाही.

मग त्यांनी पर्याय सांगितले. काहींना नखावर तारेचा किंवा प्लास्टिकचा ताण देणारा ब्रेस लावतात, दातांना लावतात त्याच कल्पनेवर. आत वळलेल्या नखाला तो महिनोन् महिने हळूहळू उचलतो. माझ्यासारख्या पुन्हा पुन्हा रुतणाऱ्या नखाला त्यांनी कडेची पट्टी काढून मूळ जाळणं सुचवलं.

आधी अख्खं नख काढूनही ते परत का रुतलं, हे मी विचारलं. उत्तर साधं होतं. नख काढलं तरी मूळ तसंच राहतं, ते त्याच रुंदीचं नख पुन्हा तयार करतं. वर आणखी, नख नसताना अंगठ्याच्या टोकाचं मांस वर येतं आणि नव्या नखाला पुढे भिंतीसारखं आडवं होतं. माझं झालं होतं ते अगदी हेच.

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भूल देतात. ही दोन इंजेक्शनं खरोखर दुखतात, खोटं कशाला सांगू. दहा-पंधरा सेकंद दात आवळून बसावं लागतं. त्यानंतर काहीच कळत नाही. बुडाशी रबरी कडं घालून रक्त थांबवतात. नखाची दोन-चार मिलिमीटरची पट्टी टोकापासून कातडीखालच्या मुळापर्यंत उभी कापतात आणि चिमट्याने गुंडाळत ओढून काढतात. उरलेलं नख जागच्या जागी राहतं. मग फिनॉलमध्ये बुडवलेली कापसाची काडी उघड्या पडलेल्या मुळावर काही मिनिटं घासतात, म्हणजे त्या पट्टीपुरतं मूळ मरतं आणि तिथे पुन्हा नख येत नाही. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमा निर्जंतुक करायला वापरलेलं कार्बोलिक ॲसिड ते हेच. नखाच्या मुळासाठी ते १९४५ पासून माहीत आहे आणि आजही टिकून आहे, कारण नुसतं नख काढण्यापेक्षा या पद्धतीत दुखणं उलटण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. कमी म्हणजे शून्य नव्हे; मुळाचा कण राहिला तर कडेला बारीक काटा पुन्हा उगवू शकतो. गरोदर असाल, भुलेच्या औषधाची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा.

मी त्याच दिवशी चालत घरी आले, पुढून उघडी चप्पल घालून. पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच. दुखणं मी घाबरले होते त्याच्या निम्मंही नव्हतं, कारण फिनॉल तिथल्या नसांची टोकंही बधिर करतं. पण जखम पाझरते, आणि हे मला नीट सांगितलं नसतं तर मी घाबरून गेले असते. पातळ, पिवळसर-तांबूस पाणी दोन ते सहा आठवडे येत राहतं. रासायनिक भाजल्याची जखम भरताना हे होतंच. रोज धुऊन, टिपून, न चिकटणारी पट्टी बदलायची. पाझरण्यासोबत दुखणंही वाढू लागलं, दुर्गंधी आली, लाली पसरली, तर मात्र दाखवायचं. नख कायमचं थोडं अरुंद होतं. मला स्वतःला ते आता शोधावं लागतं.

तिथेच पाहिलेले आणखी दोन "परत येणारे" त्रास

जाड, पिवळं, भुसभुशीत नख. याला सगळे बुरशी म्हणतात, पण अशी जवळपास निम्मीच नखं बुरशीची निघतात. बाकीची सोरायसिसने (त्वचेचा एक आजार) किंवा बुटाच्या माराने तशी होतात. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी नखाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. बुरशी निघाली तर टर्बिनाफिनची गोळी सहसा बारा आठवडे देतात, आणि यकृताची तपासणी डॉक्टर सांगतील तशी करावी लागते. कोर्स संपतो तेव्हा नख तसंच कुरूप दिसतं, आणि इथेच लोक "काही उपयोग झाला नाही" म्हणून हात टेकतात. वर लिहिलेला वेग आठवा: बुरशी मेली तरी खराब झालेलं नख पुढे सरकून कापलं जायला वर्ष-दीड वर्ष लागणारच. बुडाशी स्वच्छ नखाची चंद्रकोर दिसतेय का, एवढंच बघायचं. आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर त्यांवर आधी इलाज करा. बुरशी तिथे जिवंत असेल तर नखात पुन्हा शिरायला तिला कितीसा वेळ लागतो?

दुसरी, भोवरी. ती कापून काढली की दोन महिन्यांत परत येते, कारण तिला जन्म देणारा दाब तिथेच असतो. पोडिएट्रिस्ट पात्याने मधला कठीण गाभा न दुखवता काढतात, पण खरं काम त्यानंतरचं: बूट बदलणं, बोटांमध्ये सिलिकॉनची गादी, तळव्याखाली आधार. औषधी कॉर्न कॅपमधलं (भोवरीवर लावायच्या पट्टीतलं) सॅलिसिलिक ॲसिड भोवरी आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. मधुमेह असलेल्यांनी त्याला हात लावू नये. आणि ती भोवरीच आहे ना, हे पाहा. वरून सरळ दाबल्यावर दुखते ती भोवरी. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जास्त दुखत असेल आणि आत बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर ती तळव्यातली चामखीळ असते. ती विषाणूने होते, आणि तिचा इलाज वेगळा.

माझ्या डाव्या अंगठ्याचं नखही रुतत होतं, तेही आता जवळ जवळ सुटलं. त्याला फिनॉलची वेळ आली नाही. कापूस घालून बारावा आठवडा चालू आहे, परवाच्या फोटोत कोपरा कातडीच्या पुढे आलेला स्पष्ट दिसतोय, आणि काल रात्री मी तो पहिल्यांदा सरळ कापला.